हडसनमधला किल्ला आणि आमचा वाडा

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून हडसन नदीच्या काठाने उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत कधी बसलात, तर डाव्या हाताची खिडकी पकडा. तास-सव्वा तासाने दोन्ही बाजूंनी डोंगर नदीवर चालून येतात. कोल्ड स्प्रिंग स्टेशन गेले की बीकन येण्याआधी नदीच्या पात्रात एक छोटेसे बेट दिसते आणि त्यावर चक्क एक किल्ला. बुरूज, कंगोरे, वर आलेले कोपरे, सगळे काही आहे. फक्त आतून आरपार आकाश दिसते. गाडीत नवखा कोणी असेल तर हमखास विचारतो, "हे काय आहे?" आणि गाडी तोवर पुढे गेलेली असते.

मी गेली बावीस वर्षे या नदीच्या आसपास राहतो. पुलांची तपासणी हे माझे पोटापाण्याचे काम. तडे मोजायचे, गंज खरवडायचा, फोटो काढायचे आणि अहवालात लिहायचे की अजून इतकी वर्षे जाईल, किंवा जाणार नाही. त्यामुळे या किल्ल्याकडे मी इतकी वर्षे फक्त 'भिंत किती कलली आहे' अशा नजरेने बघत होतो. मागच्या उन्हाळ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, एकदा उतरून बघू या ना." मग बीकनहून होडीने गेलो. आणि ज्या विषयावर मी घरी कोणाशी बोलायचे टाळत होतो तो विषय तिथे त्या पडक्या भिंतींसमोर उभे राहून डोक्यात पुन्हा सुरू झाला. तो विषय म्हणजे आमचा वाई तालुक्यातला वाडा. त्याच्याकडे येतोच, पण आधी किल्ल्याची गोष्ट.

बेटाचे नाव पोलेपेल. डच भाषेत पोलेपेल म्हणजे पळी, आपण आमटी वाढायला घेतो ती. म्हणजे हे पळीचे बेट. (पॉली पेल नावाच्या मुलीची एक प्रेमकथाही सांगतात. बेट म्हटले की अशी कथा आलीच.) साडेसहा एकरांचा हा खडक. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश जहाजांना अडवायला या बेटापासून पलीकडच्या काठापर्यंत पाण्याखाली लोखंडी टोकांच्या लाकडी चौकटी बुडवून ठेवल्या होत्या. १७७७ साली ब्रिटिश जहाजे त्यातून आरामात निघून गेली. म्हणजे खरी लढाऊ कामगिरी म्हणाल तर या बेटाच्या नावावर एवढीच, आणि तीही फसलेली!

किल्ला बांधणारा मात्र लढवय्या नव्हता, तो भंगारवाला होता. फ्रान्सिस बॅनरमन, त्या घराण्यातला सहावा फ्रान्सिस. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात तसे त्यांच्याकडे थोरल्या मुलाला फ्रँकच म्हणायचे. जन्म १८५१ चा, स्कॉटलंडमधल्या डंडी गावचा. तीनेक वर्षांचा असताना आईबाप त्याला घेऊन अमेरिकेत आले. बॅनरमन म्हणजे निशाण धरणारा. १३१४ साली बॅनकबर्नच्या लढाईत आपल्या पूर्वजाने कुळाचे निशाण शत्रूच्या हातून सोडवले आणि राजा रॉबर्ट ब्रूसने त्याला हे नाव दिले, अशी घरातली कथा. खरे-खोटे रॉबर्ट ब्रूस जाणे. आमच्या घरातही नाना फडणवीस मेणवलीला जाताना आमच्या ओटीवर टेकले होते आणि ताक प्याले होते असे सांगतात. कागद एकही नाही. पण ताक प्याले यावर कुणाचे दुमत नाही.

तर हा मुलगा. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, वडील नौदलात गेले आणि दहा वर्षांच्या फ्रँकने शाळा सोडली. बंदराच्या पाण्यात गळ टाकून तो बुडालेले दोरखंड, साखळ्या असले काहीबाही वर काढायचा आणि भंगारवाल्यांना विकायचा. १८६५ साली युद्ध संपले आणि सरकारने उरलेला माल लिलावात काढला. बंदुका, तलवारी, खोगिरे, तंबू. बाकीचे खरेदीदार ते वितळवून धातू विकायचे. बॅनरमनांच्या लक्षात आले की धातूपेक्षा वस्तूला जास्त भाव आहे. तिथून धंदा जो चढला तो पुढे जगातला युद्धातून उरलेल्या मालाचा सगळ्यात मोठा व्यापारी म्हणून त्याचे नाव झाले. त्याच्या दुकानाचा कॅटलॉग तीनशेहून अधिक पानांचा असायचा. आजही जुन्या शस्त्रांचे शौकीन तो संदर्भग्रंथासारखा जपून ठेवतात.

१८९८ साली अमेरिकेने स्पेनला हरवले आणि पकडलेल्या स्पॅनिश शस्त्रांपैकी नव्वद टक्के माल या एकट्याने उचलला. आता हा दारूगोळा ठेवायचा कुठे? भर न्यूयॉर्क शहरात ठेवायला कायद्याची आडकाठी होती, आणि ती योग्यच. तेव्हा त्याच्या मुलाने, डेव्हिडने, हडसनमध्ये होडी वल्हवताना हे बेट पाहिले. १९०० साली खरेदी झाली, १९०१ पासून बांधकाम.

आता बघा, त्याला हवे होते गोदाम. पत्र्याची शेड बांधली असती तरी चालले असते. पण या माणसाने बांधला स्कॉटिश किल्ला. कुणी वास्तुविशारद नेमला नाही. स्वतः चित्रे काढायची आणि बांधणाऱ्यांच्या हातात द्यायची. भिंतीवर प्रचंड अक्षरांत 'बॅनरमन्स आयलंड आर्सेनल' असे लिहून घेतले, काठावरून जाणाऱ्या गाडीतल्या लोकांना वाचता यावे म्हणून. म्हणजे किल्ला, गोदाम आणि जाहिरातीचा फलक तिन्ही एकातच. जुन्या बोटी बुडवून त्यांच्यावर धक्का केला. काँक्रीटमध्ये सळ्यांच्या जागी जुने पलंग आणि संगिनी घातल्या असेही सांगतात. भंगारवाल्याच्या घरात काही वाया जात नाही, पण इंजिनियर म्हणून माझ्या पोटात हे ऐकून गोळा आला. बेटाच्या उंच भागावर कुटुंबासाठी उन्हाळ्यात राहायला एक छोटे घर, तेही किल्ल्याच्याच थाटाचे. त्याची बायको हेलन हिने त्या खडकावर बाग फुलवली.

तुम्ही म्हणाल, हा किल्ला खोटा. लढाई नाही, राजा नाही, चारशे वर्षे नाहीत. मीही हेच म्हणायचो. शिवनेरी-राजगड पायांनी चढलेल्या माणसाला असल्या किल्ल्याचे काय कौतुक? पण त्या दिवशी बेटावर मनात आले की स्कॉटलंड सोडले तेव्हा हा माणूस तीन वर्षांचा होता. त्याला स्कॉटलंड आठवणार तरी काय? आईच्या गोष्टी, वडिलांची उच्चारांची धाटणी, ती निशाणाची कथा. एवढ्या भांडवलावर त्याने पन्नाशीत आपले कधी न पाहिलेले स्कॉटलंड हडसनमध्ये उभे केले. आणि आम्ही काय करतो? दर गणपतीत आमच्या इथल्या एका मित्राच्या तळघरात थर्माकोलचा शनिवारवाडा उभा राहतो. दिल्ली दरवाजा, त्याचे खिळे, नगारखाना, सगळे. गेल्या वर्षी तो ज्या पोरांनी रंगवला त्यांतल्या दोघांनी पुणे पाहिलेलेही नाही. बॅनरमनने तेच विटा आणि सिमेंटमध्ये केले, एवढाच फरक. त्याला खोटे म्हणायची माझी तरी आता हिंमत नाही.

त्याच्याबद्दल एक गोष्ट मला फार विचित्र वाटते. हा शस्त्रे विकणारा माणूस अत्यंत धर्मभीरू होता. आपल्या शस्त्रसंग्रहाला त्याने म्युझियमचे रूप दिले होते आणि कधीतरी जगात युद्धेच थांबतील, मग या संग्रहाला 'लुप्त कलांचे म्युझियम' म्हणतील अशी आशा त्याने कॅटलॉगमध्येच छापली होती. पुढच्या पानावर बंदुकीचे भाव! ढोंग म्हणावे की भाबडेपणा, वाचणाऱ्याने ठरवावे. मला भाबडेपणा वाटतो, पण मी काही त्याच्याकडून बंदूक विकत घेतलेली नाही.

१९१८ च्या नोव्हेंबरमध्ये, पहिले महायुद्ध संपल्यावर पंधरा-वीस दिवसांत, तो वारला आणि बांधकाम तिथेच थांबले. त्यानंतरची कथा आपल्याकडच्या कुठल्याही वाड्याची असावी तशी आहे. १९२० च्या ऑगस्टमध्ये दारूगोळ्याचा स्फोट झाला, एक भाग उडाला. शस्त्रविक्रीचे कायदे कडक होत गेले, धंदा आटला. १९३१ साली हेलन गेली. १९५० साली बेटावर ये-जा करणारी लाँच वादळात बुडाली आणि बेट ओस पडले. पुढच्या पिढ्यांना ते सांभाळणे जमेना. १९६७ साली त्यांनी ते न्यूयॉर्क राज्याला विकले. राज्याने आतला दारूगोळा हलवला, काही जुन्या वस्तू स्मिथसोनियन संग्रहालयाला गेल्या, लोकांना बेट दाखवायला सुरुवातही झाली. आणि १९६९ च्या ८ ऑगस्टला आग लागून सगळी छपरे आणि मजले जळून गेले. सरकारने फाटक लावले, 'आत येऊ नये' अशी पाटी ठोकली आणि विषय मिटवला.

आपल्याकडे एक समजूत आहे की 'सरकारने ताब्यात घ्यावे' म्हटले की वास्तू वाचली. (अमेरिकेत सगळे शिस्तीत होते ही दुसरी समजूत.) कुटुंबाकडून राज्याकडे गेल्यावर हा किल्ला दोन वर्षे टिकला. त्यानंतर चोवीस वर्षे कोणी काही केले नाही. १९९३ साली नील कॅपलन नावाच्या एका स्थानिक माणसाने पुढाकार घेऊन बॅनरमन कॅसल ट्रस्ट स्थापन केला. बॅनरमन घराण्याची नातसून जेन बॅनरमन याही या कामात उतरल्या. मालकी अजून राज्याचीच, काम ट्रस्टचे, पैसा वर्गण्यांचा, तिकिटांचा आणि अनुदानांचा. आणि हात स्वयंसेवकांचे. हेलनच्या बागा आज पुन्हा फुललेल्या आहेत त्या शनिवार-रविवारी होडीने येऊन माती उकरणाऱ्या निवृत्त बायका-पुरुषांमुळे.

आता आमच्या धंद्यातली थोडी गोष्ट सांगतो, कारण पुढचे त्यावर अवलंबून आहे. उंच भिंत स्वतःच्या वजनाने क्वचितच पडते. ती पडते आडव्या ढकलण्याने, म्हणजे वाऱ्याने, पाण्याने, जमीन हलल्याने. अशा वेळी तिला धरून ठेवतात ते मजले आणि छप्पर. चार मजल्यांची इमारत असेल तर भिंतीला दर दहा-बारा फुटांवर पकड असते. मजले जळाले की तीच भिंत चाळीस-पन्नास फूट एकटी उभी राहते, पत्त्यासारखी. वर छप्पर नसल्याने पाऊस थेट भिंतीच्या डोक्यावरून आत झिरपतो. थंडीत ते पाणी गोठते. पाण्याचे बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगते, विटा सुटतात, पुढच्या वर्षी फट मोठी, त्यात जास्त पाणी. किल्ल्याच्या भिंतींवर असे चाळीस हिवाळे गेले. २००९ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस गाडीतून जाणाऱ्यांना दिसले की किल्ल्याचा आकार बदललाय. दर्शनी भिंतीचा तीस-चाळीस टक्के भाग आणि पूर्वेकडची जवळजवळ निम्मी भिंत कोसळली होती. कोणी हात लावला नाही, भूकंप नाही, काही नाही. मी तेव्हा इथेच होतो, बातमी वाचली, आणि एखाद्या परक्या पुलाचा अहवाल वाचावा तशी वाचून बाजूला ठेवली.

ट्रस्टने त्यानंतर जे केले तेच मला या सगळ्यात महत्त्वाचे वाटते. त्यांनी किल्ला पुन्हा बांधायला घेतला नाही. उरलेल्या भिंती आणि मनोरे पडू नयेत म्हणून त्यांना टेकू दिले, जोड भरले, पाणी आत जाणार नाही असे पाहिले. आणि खरी दुरुस्ती कुठली केली, तर त्या वरच्या छोट्या घराची. त्याला छप्पर घातले, जमीन केली, आत जुने फोटो लावले. लोक होडीतून उतरतात, सत्तरेक पायऱ्या चढतात, किल्ला लांबून बघतात आणि घरात जाऊन बसतात. उन्हाळ्यात तिथे सिनेमे आणि नाटकेसुद्धा होतात.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. याच राज्यात पार उत्तरेला, कॅनडाच्या सीमेवरच्या थाउजंड आयलंड्समध्ये बोल्ट कॅसल आहे. वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलचा सर्वेसर्वा जॉर्ज बोल्ट तो आपल्या बायकोसाठी बांधत होता. १९०४ च्या जानेवारीत ती वारली, त्याने काम थांबवले आणि तो पुन्हा त्या बेटावर गेला नाही. त्र्याहत्तर वर्षांनी, १९७७ साली, तिथल्या पुलाच्या प्राधिकरणाने तो ताब्यात घेतला आणि दुरुस्त करत करत आता अनेक खोल्या अशा सजवल्या आहेत की ज्या बोल्टच्या हयातीत कधी पुऱ्याच झाल्या नव्हत्या. सुंदर आहे, गर्दी होते. पण मला तिथे सारखे वाटत राहिले की हे बोल्टचे घर नाही, हे बोल्टवरचे हॉटेल आहे. आणि खुद्द स्कॉटलंडमध्ये आयलीन डोनन. कॅलेंडरवर हमखास असतो तो, पाण्यातला, दगडी पूल असलेला. १७१९ साली ब्रिटिश नौदलाने तो उडवून दिला आणि दोनशे वर्षे दगडांचा ढीग होता. मॅक्रे घराण्यातल्या एकाने बेट विकत घेऊन १९१२ ते १९३२ अशी वीस वर्षे खर्चून तो उभा केला. आज लोक त्याला मध्ययुगीन समजून फोटो काढतात. वीस वर्षे, एकहाती मालकी आणि अडीच लाख पौंड. हे ज्याच्याकडे आहे त्याने जरूर बांधावे. आपल्यापैकी कोणाकडे आहे?

आता वाडा.

आमचा वाडा काही मोठा नाही. दोन चौकी, कृष्णेच्या काठच्या गावात. दिंडी दरवाजा, पडवी, ओटी, माजघर, देवघर, मागे विहीर. खालचा भाग दगडी, वर पांढऱ्या मातीच्या भिंती आणि सागाचे खांब-तुळया. वर पूर्वी नळीची कौले होती, आजोबांनी मंगलोरी घातली. पुढच्या चौकाच्या एका बाजूला बापूकाका एकटे राहतात, वय एक्क्याऐंशी. मागचा चौक १९९० च्या सुमारास बसायला लागला तेव्हापासून बंद. उताऱ्यावर सतरा नावे आहेत, त्यातली पाच माणसे हयात नाहीत आणि तीन देशाबाहेर आहेत. त्या तिघांतला एक मी.

(शेजारी मेणवली. तिथे 'स्वदेस'चे शूटिंग झाले २००४ च्या आधी. त्यामुळे गावी गेलो की कोणी ना कोणी विचारतेच, "काय, नासा सोडून आलात का?" मी पूल तपासतो हे सांगितले की त्यांचा रस संपतो.)

२०११ साली वाड्याची मागची भिंत ओलावल्याचे काकांनी कळवले. मी लगेच पैसे पाठवले आणि फोनवरून सांगितले, "चांगले सिमेंटचे प्लास्टर करून घ्या, पुन्हा बघायला नको." माझ्या ओळखीतून एक ठेकेदार ठरवला. त्याने सांगितले तसेच केले, त्याचा काही दोष नाही. दोष माझा. मातीची भिंत श्वास घेते. जमिनीतून आलेली ओल ती बाहेर सोडते. चुन्याचा गिलावा ती ओल जाऊ देतो, सिमेंट देत नाही. मी बाहेरून कोट घातला, आत पाणी कोंडले, आणि चार पावसाळ्यांत ती भिंत पोट सुटल्यासारखी फुगली. तुळईचे टोक भिंतीत कुजले, वाळवी आली. मी इथे दिवसभर दुसऱ्यांच्या पुलांमध्ये पाणी कुठे अडते हे शोधतो आणि स्वतःच्या घरात पाणी कोंडायचे पैसे मीच दिले. काका एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर भावंडांचे दोन तट पडले. अर्ध्यांचे म्हणणे, बिल्डर मागतोय तर देऊन टाका, काकांना नवीन फ्लॅट मिळेल, संडास घरात येईल. हे म्हणणे अगदी वाईट नाही. एक्क्याऐंशीव्या वर्षी पावसात अंगण ओलांडून संडासाला जायचे असते तेव्हा वारसा वगैरे शब्द फार लांबचे वाटतात. उरलेल्या अर्ध्यांचे, त्यात मुख्यतः आम्ही परदेशातले, म्हणणे असे की वाडा जसाच्या तसा उभा करायचा. दोन्ही चौक, कोरीव काम, कारंजेसुद्धा. (कारंजे कधी होते याबद्दल काकांना शंका आहे.) आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी राजस्थानातल्या हवेल्यांचे फोटो टाकतो, कोणी 'होमस्टे'चा हिशेब मांडतो. आणि पाऊस येतो.

मी दहा वर्षे या दुसऱ्या तटात होतो आणि आता मला वाटते की आमचा तट बिल्डरवाल्यांपेक्षा जास्त नुकसान करत होता. बिल्डरवाले निदान काहीतरी करायचे म्हणत होते. आम्ही पूर्ण वाड्याचे स्वप्न बघायचो, त्याचा खर्च एवढा यायचा की काहीच सुरू होत नसे, आणि तोवर कौले सरकत होती. शनिवारवाडा पुन्हा बांधा अशी मागणी पुण्यात अधूनमधून होते तेव्हाही मला हेच वाटते. १८२८ च्या आगीत वरचे सगळे गेले, जोते, तट आणि दरवाजे राहिले. त्या जोत्यावर आज नवे मजले चढवले तर ते आपल्या कल्पनेतल्या पेशव्यांचे होतील, थर्माकोलच्याच जातीचे. आपले किल्ले २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेले याचा आनंद मलाही झाला. पण यादीत नसलेले आणि कोणाच्या नजरेत नसलेले वाडे गावोगाव दर पावसाळ्यात एकेक खण खाली येताहेत. त्यांना बुलंद पुनर्बांधणी नको आहे. कौले सारखी करणारा माणूस आणि पन्हळ हवी आहे.

म्हणून माझे मत असे झाले आहे, आणि ते मी ग्रुपवर लिहून टाकले आहे, की मागचा चौक आपण गमावला हे मान्य करावे. त्याचे धोकादायक छप्पर उतरवावे, सागाचे चांगले वासे काढून पुढे वापरावेत, दगडी जोते आणि कमरेएवढ्या भिंती ठेवून त्यांच्या डोक्यावर पाणी मुरणार नाही असा चुन्याचा थर द्यावा. आणि सगळा पैसा पुढच्या चौकात घालावा, जिथे माणूस राहतो. आधी छप्पर, मग सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा, आणि सगळ्यात आधी काकांच्या खोलीला लागून संडास-बाथरूम. त्याच्यासाठी दोनशे वर्षांच्या एका कोनाड्याचा बळी गेला तरी चालेल. बॅनरमनांचे छोटे घर वाचले म्हणून आज लोक मोठा किल्ला बघायला जातात, नुसती पडकी भिंत बघायला तिकीट काढून कोणी सत्तर पायऱ्या चढत नाही.

दुसरे असे की सतरा जणांचा वाडा हा कोणाचाच नसतो. बॅनरमन कुटुंबाने मालकी सोडली, जेन बॅनरमन मात्र नातसून असूनही कामाला आल्या. मालकी आणि आपलेपणा या दोन गोष्टी एकच नाहीत हे मला तिथे समजले. मी माझा हिस्सा काकांच्या नावे सोडायला तयार आहे, इथल्या वकिलातीतून कागद करून पाठवतो असे लिहिले. यावर ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. मग एका चुलतभावाने विचारले, "काकांच्या नंतर कोण?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर माझ्याकडे नाही, त्याच्याकडेही नाही. कदाचित एखादा ट्रस्ट, कदाचित गावातली शाळा, कदाचित तोच भाऊ. पण हा प्रश्न छप्पर घातल्यावरही विचारता येईल. आधी विचारला तर छप्पर राहते.

मग काकांना फोन केला. बेटाची सगळी गोष्ट सांगितली, टेकू दिलेल्या भिंती, वरचे घर, बाग. त्यांनी शांतपणे ऐकले.

"तिथे राहतं का रे कोणी रात्रीचं?"

"नाही काका. संध्याकाळी होडी परत येते."

"मग तो वाडा नाही," काका म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण बाग कोण करतं म्हणालास?"

"गावातले लोक. फुकट."

"हं. आपल्या मागच्या चौकात ऊन चांगलं येईल छप्पर उतरवल्यावर. तिथं अनंत लावता येईल. तुझ्या आजीचा होता विहिरीपाशी."

मग संडासाची गोष्ट काढली. त्यांना कोनाडा फोडायचा नाही. त्या कोनाड्यात त्यांच्या आईचा दिवा असायचा. उद्या एक गवंडी येऊन बघणार आहे, दार दुसऱ्या बाजूने काढता येईल का ते. चुन्याची चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती. वाईत अजून एक जण घाणीवर चुना मळून देतो, पण कळी निदान महिनाभर भिजली पाहिजे असे त्याचे म्हणणे आहे. मी जानेवारीत तीन आठवड्यांची रजा टाकली आहे. काकांनी अंगणातला जुना हौद धुऊन घेतला आहे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळी भिजत घालतो म्हणाले.